ती एकटी आली तर?

'पालकांना न कळवता डॉक्टरांनी अठराखालच्या मुलीला तपासूच नये' असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात समुपदेशक होते. अशी मुलगी मैत्रिणीला घेऊन येते. पहिली पाच मिनिटं नुसतं 'पोटात दुखतं'. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत दाराकडे बघत राहते. केसपेपरसाठी घरचा नंबर मागितला, की कितीतरी जणी उठून जायच्या. त्या पुढे कुठे गेल्या असतील, या विचाराने आजही जीव कासावीस होतो.

गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागतेच, १९७१ च्या कायद्यात ते स्पष्ट आहे. पण पालक म्हणजे आईवडीलच असं नाही. मुलीचा सांभाळ करणारी मावशी किंवा आजीसुद्धा सही करू शकते. हे मुलींना कोणी सांगतच नाही! पॉक्सो, म्हणजे अठराखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्यामुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, मग संबंध तिच्या मर्जीने असले तरीही. मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिचं नाव, ओळख देण्याची गरज नाही.

बाकी अनियमित पाळी, अंगावरून जाणं, मनावरचा ताण यासाठी सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयोगटासाठी 'मैत्री क्लिनिक' आहेत. तुमच्या मुलींना, भाच्यांना तिथली खोली आधीच दाखवून ठेवा.