'कंट्री हाऊस'ला काय म्हणावं? वाडा, गढी की आणखी काही?

धरमपेठी: एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करून राहिलो. एकाच घराण्याच्या चार पिढ्या अन् गावाबाहेरचं जुनं घर, खरं पात्र तेच. मी सरळ 'वाडा' लिहिलं तर मित्र म्हणे नागपुरातल्या महाल भागाच्या गल्लीत एवढी पागा अन् तळं मावलं कसं? दुसरा शब्द सुचवा.

ऱ्हस्वदीर्घ: ग्रामप्रासाद. आपला शब्द असताना फारसीच्या दारात कशाला जायचं.

सावजी रस्सा: लोक ग्रामप्रसाद वाचतील अन् द्रोण घेऊन येतील राजेहो! हवेली लिहा ना.

ऱ्हस्वदीर्घ: हवेली हा पुण्याचा तालुका आहे.

वऱ्हाडचा पाव्हणा: गढी. आमच्या आजोळी होती, बुरूज पडले अन् लोकांनी पांढरी माती घरांच्या धाब्यावर टाकायला उचलून नेली. उंचावर, एकटी, अगदी कादंबरीतल्यासारखी.

धरमपेठी: पण गढी लढायसाठी ना? ही माणसं चहा पितात अन् कोल्ह्यामागे कुत्रे सोडतात.

झाडीवाली: शब्दाचं सोडा, दोन्ही घरांची गोष्टच उलटी चालते. तिकडे सगळं थोरल्याला, धाकटे फौजेत नाहीतर चर्चमध्ये, म्हणून घर अखंड राहते, अन् 1894 ला एस्टेट ड्यूटी आल्यावर मालक मेला की कर भरता भरता जमीन विकावी लागते. आपल्याकडे मालगुजार मेला की जितके भाऊ तितक्या चुली, अंगणात भिंत, सपरीचे तुकडे. मालगुजारी 1951 ला गेली, पण कितीतरी वाडे त्याच्या आधीच वाटून झाले होते. त्यामुळे 'वाडा' वाचला की आपला वाचक वाटणीची वाट पाहत बसते अन् ती येतच नाही!

सावजी रस्सा: सपरी नाही हो, ओसरी. अन् मालगुजार म्हणजे मालदारच ना, माल गोळा करणारा?

ऱ्हस्वदीर्घ: चूक. गुजार म्हणजे भरणारा, सरकारात सारा भरणारा तो मालगुजार.

वऱ्हाडचा पाव्हणा: फारसी नको म्हणणारे फारसीच शिकवून राहिले 😄

ऱ्हस्वदीर्घ: माहिती असणं वेगळं, वापरणं वेगळं. आणि वाडा हा संस्कृत 'वाट'वरून, म्हणजे कुंपण घातलेली जागा. मग गावाबाहेर असला तर बिघडलं काय?

झाडीवाली: भंडाऱ्याकडे या, सपरीच म्हणतात. अन् मामा तलावही दाखवते, माजी मालगुजारी तलाव. मालगुजार गेले, नाव पाण्यावर राहिलं.

धरमपेठी: मी 'मॅनर'च ठेवू का मग? अन् बटलरला दिवाणजी चालेल?

वऱ्हाडचा पाव्हणा: दिवाणजी हिशेब लिहिते, तो चांदीचे चमचे मोजत बसेल का?

सावजी रस्सा: मोजेल ना. दोन घरीही नेईल.