बूथनिहाय मतांचे आकडे जाहीर करणं थांबवावं का?

गल्लीकर
आमचं गाव तालुक्याचं, नगरपंचायतीचं. 2024 च्या विधानसभेनंतर फॉर्म 20 मोबाइलवर फिरू लागला. कुठल्या बूथवर कोणाला किती मतं पडली, याचा हा अधिकृत तक्ता. आमच्या बूथच्या यादीत हजारभर नावं, म्हणजे दोन गल्ल्या आणि एक वस्ती. यात माणूस सापडत नाही, पण गल्ली सापडते.

आमची सापडली. पुढच्या वर्षी सिमेंटचा रस्ता झाला. तो मारुतीच्या देवळापासून निघाला आणि पिठाच्या गिरणीपाशी संपला. तिथंच मतदार यादीचा भाग बदलतो. गिरणीच्या पुढं आमची घरं, आणि पावसात घोट्याएवढा चिखल. विचारायला गेलो तर नगरसेवकानं मोबाइल पुढं केला, "काका, तुमच्या बूथवर आपण 190 नं मागं आहोत. साहेबांकडं कुठल्या तोंडानं मागू?"

मतपत्रिका होत्या तेव्हा निवडणूक नियमांतल्या 59-अ प्रमाणे वेगवेगळ्या केंद्रांची मतं मिसळून मोजता यायची. यंत्र आलं आणि एकेक केंद्र उघडं पडलं. निवडणूक आयोगानं 2008 मध्ये टोटलायझर सुचवला होता. त्यात 14 केंद्रांची यंत्रं जोडून एकच बेरीज निघते. विधी आयोगानंही 2015 च्या 255 व्या अहवालात तशी शिफारस केली. सरकारनं ती मानली नाही. मत गुप्त असेल तर गल्लीचंही गुप्त राहिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पोलिंग एजंट
काका, रस्त्याचं वाईट वाटलं, पण उपाय चुकीचा आहे. मी वीस वर्षं एजंट म्हणून बसतोय. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष 17-सी देतात, किती मतं झाली ते सहीनिशी. मोजणीच्या टेबलावर तोच कागद घेऊन मी यंत्राचा आकडा ताडतो. गरीब उमेदवाराच्या हातात तेवढं एकच हत्यार आहे.

मारकडवाडी आठवा. माळशिरस तालुक्यातलं गाव. 2024 च्या विधानसभेला मतदारसंघात उत्तम जानकर 13 हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले, पण गावात त्यांचे प्रतिस्पर्धी राम सातपुते यांना 1003 आणि जानकरांना 843 मतं दिसली. गावकऱ्यांना ते पटलं नाही. 3 डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनानं जमावबंदी लावून ते थांबवलं. त्यांची शंका खरी की खोटी, हा वेगळा वाद. पण गावाचा आकडाच दिला नसता तर शंका घ्यायला तरी जागा होती का?

गल्लीकर
17-सी बंद करा असं मी म्हणतच नाही. 14 केंद्रांच्या 17-सींची बेरीज एकत्रित आकड्याशी ताडता येतेच की.

पोलिंग एजंट
मतं किती झाली ते ताडता येईल. कोणाला किती पडली, त्यातली गडबड एका केंद्रावर जशी डोळ्यात भरते तशी चौदांच्या ढिगात भरणार नाही.

बाई (मतदान अधिकारी)
दोघांचंही वाचलं. माझा कौल गल्लीकरांना, पण कारण वेगळं. "ही गल्ली आमची, ती त्यांची" हा हिशोबच खोटा आहे. 2024 मध्ये बारामती विधानसभा क्षेत्रातून लोकसभेला सुप्रिया सुळे यांना सुमारे 48 हजारांची आघाडी होती. सहा महिन्यांत त्याच मतदारांनी समोरच्या गटाच्या अजित पवारांना लाखाच्या वर मताधिक्यानं निवडून दिलं. लोक निवडणूक बघून मत देतात. आणि आपण एका मेच्या किंवा नोव्हेंबरच्या आकड्यावरून वस्तीच्या कपाळावर पाच वर्षांचा शिक्का मारतो.

हे फक्त आपल्याकडंच नाही. 2019 च्या प्रचारात भाजपच्या मनेका गांधींनी उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतच्या गावांची मतांनुसार अ, ब, क, ड अशी वर्गवारी जाहीर सभेत सांगितली होती. ते बोलल्या म्हणून कळलं. न बोलता किती ठिकाणी चालतं, ते माझ्यासारख्या खेड्यात ड्यूटी करणाऱ्याला विचारा. बोटाला शाई लावताना एक आजी हळूच म्हणाल्या होत्या, "बाई, आमच्या पाड्याचं कळतंय का वं कुणाला?" मी "नाही" म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं, हे आजही टोचतं.

प्रभाग 7
टोटलायझर विधानसभेला चालेल. नगरपंचायतीत 17 प्रभाग, एकेका प्रभागाला एखाददुसरं केंद्र. तिथं काय मिसळणार? निकाल म्हणजेच गल्लीचा आकडा. खरा प्रश्न निधीचा आहे. रस्ता कुठून कुठपर्यंत, हे कामाच्या अंदाजपत्रकात लिहिलेलं असतं. गल्लीकर, ते मागवलंत का?

गल्लीकर
मागवलंय. माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, 30 दिवसांची मुदत येत्या सोमवारी संपते. मंजुरी गिरणीपर्यंतचीच होती की पुढच्या शाळेपर्यंतची, ते कागद आला की इथं टाकतो.