पहिला एडवर्ड खरं तर चौथा, मग 'पहिला' कसा?

जुनी_नाणी
लेकीच्या शाळेचा राजांचा तक्ता रंगवत बसलो होतो (आम्ही इकडे इंग्लंडात रेडिंगला असतो). १२७२ साली राजा झालेला तो म्हणे पहिला एडवर्ड. मग आल्फ्रेड राजाचा मुलगा थोरला एडवर्ड, ९७८ मध्ये मारला गेलेला 'हुतात्मा' एडवर्ड आणि वेस्टमिन्स्टर ॲबी बांधणारा 'संत' एडवर्ड, हे तिघे कोण? मोजणी सुरू होते १०६६ पासून, नॉर्मंडीच्या विल्यमनं देश जिंकला तिथून. माझ्या मते हा सरळसरळ जेत्यांचा हिशेब आहे. एथेलस्टन, एथेलरेड, एडगर ही जुन्या राजांची नावं गेली ती गेलीच. आले विल्यम, हेन्री, रिचर्ड, आणि आपण त्यांनाच अस्सल इंग्रजी नावं समजतो.

मोडीवाचक
जेत्यांचा हिशेब वगैरे जरा जास्तच होतंय. लागोपाठ आजोबा, बाप, नातू तिघेही एडवर्ड निघाले. कागदोपत्री कोणता कोण ते कळेना, म्हणून नातवाला 'जिंकल्यापासूनचा तिसरा' म्हणू लागले. कारकुनी सोय, बाकी काही नाही. विल्यम, हेन्री ही नावंसुद्धा मुळात जर्मानिकच, फ्रान्समार्गे आलेली. एडवर्डची चुलतभावंडंच म्हणा ना. आणि १२३९ मध्ये तिसऱ्या हेन्रीनं थोरल्या मुलाचं नाव एडवर्ड ठेवलं, धाकट्याचं एडमंड. जुनं पुसायचं असतं तर ठेवलं असतं?

जुनी_नाणी
पावणेदोनशे वर्षांनी! तेही हेन्री त्या संताचा निस्सीम भक्त होता म्हणून. मधल्या काळाचं काय? पहिल्या हेन्रीनं ११०० मध्ये एडिथशी लग्न केलं. तिच्या आईकडून जुन्या इंग्लिश राजघराण्याचं रक्त. राणी झाली ती माटिल्डा म्हणून. आपल्याकडे ताटातल्या तांदळात नवं नाव लिहितात, तसलाच मामला. तरी दरबारातले नॉर्मन या जोडप्याला 'गॉडरिक आणि गॉडगिफू' म्हणून चिडवायचे. म्हणजे इंग्लिश नाव तेव्हा शिवीसारखं वापरत होते. तो हेन्री आमच्याच गावातल्या पडक्या मठात पुरलाय, म्हणून जास्त राग.

चहाबाज
तुम्ही दोघं हजार वर्षांमागं भांडताय. राजाचं नाव म्हणजे दुकानाची पाटी, गिऱ्हाईक बघून लावायची. व्हिक्टोरियाची इच्छा होती की मुलानं 'आल्बर्ट एडवर्ड' म्हणून राज्य करावं. घरचा बर्टी १९०१ मध्ये सातवा एडवर्ड होऊन बसला, बापाचं जर्मन वळणाचं नाव गुंडाळून ठेवलं. १९३६ मध्ये दुसरा बर्टी सहावा जॉर्ज झाला. आडनावाची तर कमालच. १९१७ मध्ये लंडनवर बाँब टाकणाऱ्या जर्मन विमानांचं नाव गोथा, आणि राजाचं घराणं सॅक्स-कोबर्ग-गोथा! जुलैमध्ये पाटी बदलली, किल्ल्याचं नाव उचललं: विंडसर.

कोकणकडा
@मोडीवाचक, 'कारकुनी सोय' पटत नाही. एलिझाबेथ गादीवर आल्यावर एडिनबर्गमध्ये एक नवी टपालपेटी बसवली, तिच्यावर राणीच्या नावासोबत रोमन दोन. पहिल्या एलिझाबेथचं राज्य स्कॉटलंडवर कधी नव्हतंच, मग ही दुसरी कुठून? आधी पेटीची नासधूस झाली, फेब्रुवारी १९५३ मध्ये ती स्फोटानं उडवली. पुढे तिकडच्या पेट्यांवर नुसता स्कॉटिश मुकुट. सोयीच्या आकड्यासाठी कुणी सुरुंग लावतं का?

मोडीवाचक
पेटीचं मान्य. त्यावर चर्चिलनं तोडगा सुचवला, की पुढे इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या मोजणीत जो आकडा मोठा निघेल तो घ्यायचा. पण हा वाद १९५३ चा. चौदाव्या शतकातल्या कारकुनाच्या मनात तसलं काही होतं, याला आधार काय? आपल्या पेशव्यांनी बरं केलं. दुसरा माधवराव आला तर आकड्याच्या फंदात न पडता सरळ 'सवाई' म्हटलं.

चहाबाज
सवाई एडवर्ड 😂 चौथ्याला काय म्हणणार, पावणेदोनपट?

जुनी_नाणी
मी आपलं लेकीच्या तक्त्यावर पहिल्या एडवर्डपुढे पेन्सिलीनं बारीक 'चौथा' लिहिलंय. बाईंनी विचारलं तर ती म्हणणार आहे, बाबांनी लिहिलं.