पावसाळ्यात सिंहगड, राजगडासाठी बूट कोणते?

नवखी_कोथरूड

जुलैत आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड आणि ऑगस्टमध्ये गुंजवण्यातून चोर दरवाज्याने राजगड करायचा आहे. आत्ता पळायचे बूट आहेत, त्यांचा तळ गुळगुळीत झालाय. दुकानात घोट्याच्या वर येणारे वॉटरप्रूफ घ्या म्हणाले, ते माझ्या बजेटच्या दुप्पट आहेत. वॉटरप्रूफ लागतातच का? घोटा झाकलेला हवाच का? आणि माझा पाय पुढून रुंद आहे, करंगळी दाबली जाते. मग एक नंबर मोठा घेऊ का?

घाटवाट

वॉटरप्रूफवर पैसे घालू नका. सह्याद्रीतला पाऊस बुटाच्या कापडातून कमी आणि वरच्या तोंडातून जास्त आत येतो. पँटवरून ओघळलेलं पाणी मोज्यातून थेट तळाशी जातं. जे अस्तर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तेच आतलं बाहेर जाऊ देत नाही. एक ओढा ओलांडला की दिवसभर दोन पखाली पायात घेऊन चालायचं. हे बूट बर्फात आणि थंड कोरड्या हवेत कामाचे. आपल्याकडे जाळीचे हवेत: भिजतील, पण चालता चालता निथळतील.

खरा पैसा तळव्यात घाला. तळाच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवून पाहा. किंचित दबून परत वर आलं तर ओल्या कातळावर धरेल. नख नुसतं घसरत असेल, तळ प्लास्टिकसारखा चकाकत असेल, तर तो बूट भर पावसात राजगडाच्या कातळावर नेऊ नका. खाचा चारपाच मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून लांब असाव्यात. दाटीवाटीच्या खाचांत चिकणमाती भरते, मग खाचा असून नसल्यासारख्या. फुटबॉलचे खिळेवाले बूट काही जण सुचवतील. चिखलात ठीक, पण कातळावर ते मोजक्या टोकांवर उभे राहतात आणि सरकतात.

शेवाळावर मात्र कुठलाच बूट धरत नाही. तिथे हिरवटकाळा चकाकणारा दगड टाळून खरखरीत दगड शोधायचा आणि सबंध पाऊल सपाट टेकवायचं. टाच रोवायची ती फक्त मातीत.

कातळकडा

मापाबद्दल. रुंदीसाठी नंबर वाढवू नका. लांबी वाढली की टाच आत वरखाली होते आणि तिथेच फोड येतो. आधी बुटातला सुटा तळवा बाहेर काढून त्यावर उभ्या राहा. पाऊल कडेने बाहेर सांडत असेल तर तो साचा तुमच्यासाठी अरुंद आहे, मॉडेल बदला. पुरुषांचे साचे सहसा जास्त रुंद असतात, तेही घालून पाहा, लाजायचं काही नाही.

खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय सुजून थोडा मोठा होतो. डोंगरात घालणार तेच मोजे घालून जा. नाडी न बांधता पाऊल पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट सहज जायला हवं. मग बांधून दुकानाच्या जिन्यावरून उतरून बघा. बोटं पुढे आदळत असतील तर उतारावर नख काळंनिळं होणार हे नक्की. एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतोच, माप मोठ्याचं धरा.

आणखी एक: बूट हातात धरून वाकवा. तो चवड्याशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडणारा दगडांवर पाय दुखवतो.

रानवारा

घोट्याच्या बाबतीत दोन मतं राहणारच. उंच बूट घोटा मुरगळू देत नाही हा समज दुकानदारांचा लाडका. सैल बांधलेल्या उंच बुटातही घोटा फिरतोच. फायदा आहे तो खडे, काटे आत जात नाहीत आणि दगडाचा फटका हाडाला बसत नाही इतकाच. पाठीवर मुक्कामाचं ओझं असेल, किंवा पूर्वी घोटा मुरगळला असेल, तर घ्या. नाहीतर एका दिवसासाठी आखूड बूट हलके पडतात आणि लवकर वाळतात.

+१ टाचेच्या मुद्द्याला. त्यासाठी नाडी अशी बांधा: सगळ्यात वरच्या भोकात नाडी त्याच बाजूने आत घाला, म्हणजे बाहेर छोटा फासा राहतो. दोन्ही टोकं समोरासमोरच्या फाशांतून ओढा, खाली खेचून ताण द्या, मग गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि उतारावर बोटांवरचा भार कमी होतो.

नवखी_कोथरूड

खूप उपयोगी! माळ्यावर भावाचे ट्रेकिंगचे बूट आहेत, चारपाच वर्षं खोक्यात, तळ अगदी नवा दिसतोय. तेच घेऊ का?

घाटवाट

भावाचं माप तुम्हाला होत असेल तरी ताई, जरा थांबा. बऱ्याच बुटांत खालचं रबर आणि वरचा भाग यांमध्ये पॉलियुरेथेनचा फेसाळ थर असतो. हवेतल्या ओलाव्याने तो न वापरताही कुजतो, आणि माळ्यावरच्या खोक्यात आपले पुण्याचे चार पावसाळे मुरलेत. दिसायला नवा, पण दोन तासांत अख्खा तळ जीभ काढल्यासारखा लोंबतो. त्या थराला कडेने बोटाने दाबा. भेगा पडल्या किंवा भुगा निघाला तर ते बूट घरीच ठेवा. ठीक वाटले तरी आधी वेताळ टेकडीवर दोनतीन फेऱ्या करा. सोबत सुतळीचा गुंडा ठेवा: तळ सुटला तर चवड्याशी आणि मधल्या खोलगट भागात अशा दोन ठिकाणी करकचून बांधून हळू उतरता येतं.

कातळकडा

मोजे सुती नकोत, ओले राहतात आणि कातडी मऊ करून सोलतात. सिंथेटिक किंवा लोकरमिश्र घ्या, एक जोड कोरडी प्लास्टिकच्या पिशवीत. दिवसभर भिजल्यावर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या केल्या नाहीत तर चिखल्या होतात.

घरी आल्यावर सुटा तळवा काढा, चिखल धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोनतीन तासांनी बदला. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो. पंख्याखाली दोन रात्री पुरतात.