मोटेलला नाक मुरडू नका

एका ताईंनी विचारलंय की अमेरिकेत मराठी अधिवेशनाला गाडीने जाताना वाटेत साध्या मोटेलमध्ये, म्हणजे गाडी दारापाशी लावता येणाऱ्या रस्त्याकाठच्या छोट्या हॉटेलात, मुलाबाळांना घेऊन राहावं का. जरूर राहा!

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संस्था) 2024 च्या सॅन होजे अधिवेशनाला आम्ही लॉस एंजेलिसहून निघालो. सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखरे. म्हणून 101 महामार्गावरून, सॅन लुईस ओबिस्पोला मुक्काम करून गेलो. 1925 मध्ये पहिलं मोटेल उघडलं ते याच गावात. 'मोटर' आणि 'हॉटेल' मिळून झालेला शब्दही तिथलाच.

आमची खोली अगदी साधी: दोन पलंग, खडखडणारा एसी, चादरी मात्र स्वच्छ. गाडी थेट दारासमोर, त्यामुळे सासूबाईंना एकही पायरी चढावी लागली नाही. सकाळी मालकीणबाईंच्या घरातून जिरं-मोहरीच्या फोडणीचा वास आला. अमेरिकेतली कितीतरी मोटेलं गुजराती कुटुंबं चालवतात, हेही तसंच. मी इस्त्री मागायला गेले तर बाईंनी माझी पैठणी हातात घेतली, पदरावरच्या मोरावरून बोट फिरवलं आणि इस्त्री करताना तिच्यावर घालायला स्वतःचा मलमलचा दुपट्टा काढून दिला. सासूबाईंसाठी आल्याचा चहाही आला. इतकं अगत्य मला मोठ्या हॉटेलात कधी मिळालेलं नाही.

फक्त खोली तळमजल्यावरची मागा, आणि भाड्यावर कर किती लागतो ते आधीच विचारून घ्या. इस्त्रीचंही विचारा, सगळीकडे खोलीत नसते.