मदत हवी आहे: कवटीचे हाड अजून पोटातच आहे आणि भाऊ पुन्हा गुंगीत जातो आहे

औसेकर: लातूर–औसा रस्त्यावर दुचाकी घसरून धाकट्या भावाच्या डोक्याला मार लागला. मेंदूची सूज उतरेना, म्हणून डॉक्टरांनी कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला. घरी आल्यावर तो बोलत होता, काठी धरून चालत होता. आता आठ दिवसांपासून सारखा झोपतो आणि पाय ओढतो. हाड कधी बसवून घ्यावे? कृपया लवकर सांगा.

परभणीकर: शस्त्रक्रियेला किती दिवस झाले? वय किती? हाड काढलेली जागा आत गेली आहे की फुगली आहे?

बीडकर: माझ्या वडिलांचे हाड तिसऱ्या महिन्यात बसवले आणि त्यांची वाचा सुधारली. तुम्ही हाडाचाच आग्रह धरा.

नांदेडची परिचारिका: बीडकर, आपला अनुभव खरा असला तरी तो सर्वांना लागू होत नाही. जागा खोल गेल्याने गुंगी येत असेल तर हाड बसवल्यावर बरे वाटू शकते. परंतु ती फुगून ताणली असेल तर मेंदूतील पाणी साचले असण्याची शक्यता आधी तपासावी लागते, आणि हे सीटी स्कॅनशिवाय ठरत नाही. ताप आहे का? लघवीवर ताबा आहे का?

औसेकर: वय २६, अकरा आठवडे झाले. जागा फुगली आहे. ताप नाही. दोन दिवसांपासून अंथरुणातच लघवी होते. झटक्यांच्या गोळ्यांमुळे असेल, असे आम्हाला वाटले. पुढची तपासणी सोमवारी आहे.

जालनेकर: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड तयार ठेवा.

औसेकर: कागदपत्रे आहेत. प्रश्न भावाच्या गुंगीचा आहे.

नांदेडची परिचारिका: सोमवारची वाट पाहू नका. गुंगी, बिघडलेली चाल आणि लघवीवरचा सुटलेला ताबा ही तिन्ही एकत्र आली आहेत, त्यामुळे जिथे मेंदूचे शल्यविशारद आणि सीटी स्कॅन दोन्ही आहेत तिथे आजच न्या. झटक्यांच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

बीडकर: पण पाण्यासाठी नळी बसवली तर ती जन्माची होते, तिला जंतुसंसर्ग होतो, ती तुंबते.

नांदेडची परिचारिका: हे धोके आहेतच. तरीही मेंदूवरचा दाब तसाच राहिला तर अधिक नुकसान होते. मेंदूतून पोटात पाणी उतरवणारी नळी लागेल की नाही, आणि हाड आधी की नळी आधी, हे त्याला तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

औसेकर: गाडी मिळाली, आम्ही निघतो आहोत. पहिल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे आणि सीटीच्या फिल्म सोबत घेतल्या आहेत.

परभणीकर: हाड नसलेल्या बाजूवर त्याला झोपवू नका, गाडीत कोणीतरी त्याचे डोके धरून बसा.