मदत हवी आहे: जर्मनीने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला, हे सिद्ध कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

महासत्ता स्वतःच्याच धोरणाने कशा बुडतात यावर वीस मिनिटांचं भाषण तयार करते आहे. उदाहरण कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, जर्मनीचं घेतलंय आणि एका जागी अडले आहे.

मांडणी अशी. १८८७ मध्ये चान्सलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कने रशियाशी गुप्त करार केला. १८९० मध्ये तो पायउतार झाला आणि त्याच वर्षी बर्लिनने कराराला मुदतवाढ नाकारली. १८९४ पर्यंत रशिया-फ्रान्स युती पक्की झाली. म्हणजे दोन्ही सीमांवर शत्रू. अशा वेळी पैसा कुठे ओतला? आरमारात! १८९८ आणि १९०० च्या कायद्यांनी नौदलमंत्री टर्पिट्झने युद्धनौका वाढवल्या. ब्रिटन बिथरलं, १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी जुनी भांडणं मिटवून मोकळं झालं. ते महागडं आरमार पुढे पहिल्या महायुद्धात बहुतेक काळ बंदरातच उभं राहिलं.

सगळ्यात जीव तुटतो तो १९१७ पाशी. ९ जानेवारीला अनिर्बंध पाणबुडीयुद्धाचा, म्हणजे तटस्थ देशांची व्यापारी जहाजंही इशारा न देता बुडवण्याचा, निर्णय झाला. पाच महिन्यांत ब्रिटन शरण येईल, असं नौदलाचं गणित होतं. चान्सलर बेथमान-होलवेगचा विरोध होता, पण शेवटी त्यानेही मान तुकवली. मार्चमध्ये झार गेला, पूर्वेचा शत्रू आतूनच ढासळू लागला आणि ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. दोन महिने थांबले असते तर?

पण हे सगळं मागाहून सुचलेलं शहाणपण तर नाही ना? म्हणून मी एक कसोटी लावतेय: धोक्याचा इशारा त्याच वेळी, कारणांसकट, दिला गेला होता का, आणि तो तोलून पाहणारी यंत्रणा होती का? जर्मनीत लष्कर आणि नौदल, दोघांचेही प्रमुख थेट कैसरकडे जात. दोन्हींचा एकत्र हिशेब मांडणारं कुणी नव्हतं.

अडचणी दोन. रशियन रोख्यांवर कर्ज द्यायला राइशबँकेला (जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेला) १८८७ मध्ये खुद्द बिस्मार्कनेच मनाई केली होती, त्यामुळे रशिया कर्जासाठी पॅरिसकडे वळला. मग खापर १८९० वर किती फोडायचं? दुसरी प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सची. इ.स.पू. ४१५ मध्ये तिथला सेनापती निकियास याने सिसिलीच्या मोहिमेविरुद्ध बजावलं, तर लोकांनी मोहीम रद्द करायच्या ऐवजी आणखी मोठी फौज मंजूर केली. इशाराच उलटा पडला, तर माझी कसोटी तिथे लागू होते का?

जाणकारांनी कृपया सांगा, ही कसोटी टिकेल की दुसरी शोधू?